बिल्ल्याच्या पाठीवरचे ओरखडे पुसण्याआधी वाचून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळच्या जुन्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक पितळी फौजी बिल्ला मिळाला. पुढे बिगूल, मागे डाखलेल्या दोन कड्या. कड्यांच्या मधे टोकदार कशाने तरी ओढलेलं ‘४४८’, त्याखाली ‘रा. ध.’, शेजारी त्रिकोणासारखी खूण आणि कडेला एक खोल खाच. पणजोबा पहिल्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत, असं घरात सांगतात आणि त्यांचं नाव ‘रा’वरून आहे. मुंबईतला एक विक्रेता म्हणाला, ओरखड्यांनी किंमत जाते, बफ मारून, म्हणजे यंत्राने घासून चकचकीत करून घ्या. त्यात भाच्याने मागची अर्धी बाजू चिंचेने घासून टाकली. आता ओरखडे घालवावेत का आणि बिल्ला पणजोबांचाच का, हे तुम्हाला हवंय.

ओरखडे घालवू नका. याला कसलीच अट नाही. बिल्ला कोणाचा, हे मात्र फोटो बघून कोणीही छातीठोकपणे सांगू नये आणि मीही सांगणार नाही. मी जुन्या धातूच्या वस्तू साफ करून टिकवायचं काम करते. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या पट्ट्यात घरटी कोणीतरी पलटणीत होतं, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या वस्तूंत पदकं, बिल्ले, बटणं बरीच असतात. बहुतेकांना ओरखड्यांतून थेट नाव हवं असतं. माझ्या अनुभवात ते क्वचित मिळतं. हा बिल्ला कोणाच्या तरी हातात होता आणि त्या माणसाला तो आपला म्हणून ओळखता यावा असं वाटत होतं, एवढं ओरखडे सांगतात. तो माणूस कोण, हे सांगायला नाव कोरलेली दुसरी वस्तू किंवा कागद लागतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करते. हे ओरखडे नोकरीतले आहेत का? आणि ते कशाशी ताडून बघता येतील?

आधी शिपाई बिल्ल्याच्या पाठीवर ओरखडे का ओढतात ते बघू. बराकीत शेकडो माणसांचं सामान हुबेहूब सारखं. तपासणीत एखादी वस्तू कमी भरली की जबाब द्यावा लागतो, पगारातून भरपाई कापली जाते. मग जो तो आपल्या वस्तूवर आपला नंबर टाकतो. पलटणीतर्फे नंबर टाकलेला असेल तर तो पोलादी ठशांनी ठोकलेला असतो: आकडे एका मापाचे, खोली सारखी, रेघ बऱ्यापैकी सरळ आणि आकडे इंग्रजी. स्वतः टाकलेला नंबर सुईने, खिळ्याने, चाकूच्या टोकाने ओढलेला असतो. तिथे हात घसरतो, गोलाई जमत नाही, वळणदार अक्षराचे कोपरे होतात. तुमच्या फोटोत ‘ध’ची गाठ गोल नाही, तीन तुटक रेघांची आहे. धातूवर हाताने ओढलेलं अक्षर असंच दिसतं.

पण हाताने ओढलेलं म्हणजे नोकरीतच ओढलेलं, असं नाही. बिल्ला घरी आल्यावर त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. आपल्याकडे त्याच्या तीन खुणा मला वारंवार दिसतात. पहिली सोनाराची. पितळ जुनं, पिवळंधमक, घरात कोणालातरी सोनं असेल असं वाटतं, मग सोनार कडेला कानस मारून आत काय आहे ते बघतो. तुमच्या बिल्ल्याच्या कडेची खाच मला शंभर टक्के तशीच वाटते, कारण तिच्या तळाशी फोटोतही एकमेकींना समांतर बारीक रेघा दिसतात. ती खाच फौजेतली नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. दुसरी खूण भांड्यांवर नावं घालणाऱ्याची. लग्नातल्या हंड्या-परातींवर नाव घालताना हातोडीने ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उठवतात. घरातली पितळी वस्तू म्हणून पदकाच्या मागेही तसं नाव घातलेलं मी पाहिलंय. अलीकडच्या विजेच्या यंत्राने घातलेली रेघ बारीक थरथरती असते, भिंगातून लगेच ओळखू येते. तिसरी खूण पोरांची. ती कशीही असते आणि सहसा पुढच्या बाजूलाही असते.

तुमची रेघ ठिपक्यांची नाही, थरथरतीही नाही. म्हणजे घरी ओढली असण्याची शक्यता थोडी कमी झाली, एवढंच.

आता बिल्ला हातात घेऊन काय बघायचं ते सांगते, कारण खरी माहिती इथेच आहे. रात्री खोलीतला दिवा बंद करा, बिल्ला पालथा ठेवा आणि टॉर्च अगदी आडवी, टेबलाला टेकवून धरा. उजेड एका बाजूने आला की रेघांच्या कडा उभ्या राहतात. चारही दिशांनी असा उजेड टाकून चार फोटो घ्या. एका फोटोत न दिसलेली रेघ दुसऱ्यात हमखास दिसते. मग सोनाराचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन रेघेच्या तळाचा रंग बघा. जुन्या रेघेचा तळ आजूबाजूच्या धातूइतकाच काळपट-तपकिरी असतो, कारण दोन्हींना हवा सारखीच लागलेली असते. ताजी रेघ आत पिवळी चमकते. कोणी रेघ मुद्दाम जुनी दाखवायला रसायन लावलं असेल, तर काळेपणा एकसारखा आणि रेघेच्या बाहेरही सांडलेला दिसतो. शिवाय नव्या रेघेच्या काठावर धातूची बारीक धार उभी राहते. कापसाचा पुंजका अगदी हलक्या हाताने फिरवला तर त्याचे तंतू तिथे अडकतात. हाताळून झिजलेल्या रेघेत अडकत नाहीत.

चिंचेने घासलेल्या भागात रंगाची कसोटी आता चालणार नाही. आंबट पदार्थाने पितळेतलं जस्त आधी निघतं आणि तांब्याची गुलाबी झाक उरते. तुमच्या फोटोत डावीकडे ती दिसतेच आहे. पण ‘४४८’मधला शेवटचा आकडा आणि त्रिकोण न घासलेल्या बाजूला आहेत. बघायचं ते तिथे बघा.

त्यानंतर कोणती रेघ कशाच्या वर आहे ते पाहा, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कडीच्या बुडाशी डाखाचा छोटा फुगवटा असतो. रेघ त्या फुगवट्याखाली शिरत असेल, तर ती आधीची आणि कडी नंतर बदललेली. फुगवट्यावरून जात असेल, तर रेघ नंतरची. तुमच्या तिसऱ्या फोटोत त्रिकोणाची एक बाजू डाखावर चढलेली दिसते, आकडे मात्र कडीपासून लांब आहेत. त्यामुळे आकडे आणि त्रिकोण एकाच वेळी ओढले असं धरून चालू नका. रेघांची जाडी मोजा. त्रिकोणाची रेघ रुंद आणि उथळ, आकड्यांची अरुंद आणि खोल निघाली, तर हत्यारं दोन आणि बहुतेक हातही दोन.

तुमच्या घरात दसऱ्याला, खंडेनवमीला शस्त्रपूजेत पदकं आणि बिल्ले मांडायची पद्धत होती का, हेही घरातल्या मोठ्यांना विचारा. हळद-कुंकू वर्षानुवर्षं लागलं की रेघांच्या तळाशी दाबून बसतं आणि तेलकट पिवळट-तांबूस थर दिसतो. तो सापडला तर पूजा सुरू असतानाच्या काळात रेघ तिथे होती, हे पक्कं. म्हणूनही म्हणते, टूथब्रशसुद्धा लावू नका.

आकडा तुम्ही ‘४४८’ वाचलाय. इथे थांबून पुन्हा वाचा. देवनागरी चार आणि इंग्रजी आठ हाताने ओढले की जवळजवळ सारखे दिसतात. देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. इंग्रजी सहा आणि नऊ तर बिल्ला फिरवला की एकमेकांत बदलतात. फौजेत नंबर इंग्रजी आकड्यांतच चालत, पण देवनागरी येणारा शिपाई स्वतःसाठी देवनागरीतच ओढेल. खाली ‘रा. ध.’ देवनागरीत आहे म्हणून आकडेही देवनागरीत, हे तुमचं गृहीतक बरोबर वाटतं आणि शेवटचा आठ खरोखर मोकळ्या पोटाचा देवनागरी आठ असेल तर ते पक्कं होतं. तरीही वहीत दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

समजा ‘४४८’च आहे. हा पूर्ण नंबर की शेवटचे तीन आकडे, ते बिल्ला सांगत नाही. शेवटचे तीन-चार आकडे टाकायची सवय सगळीकडे होती. शिवाय त्या काळी नंबर पलटणीपुरते असत. म्हणजे एकाच नंबराचे शिपाई वेगवेगळ्या पलटणींत असू शकत होते. ‘रा. ध.’ हे बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव, कोकणात तशीच रीत होती. धोंडू, धाकू, धर्मा अशी नावं त्या पिढीत भरपूर. पणजोबांच्या वडिलांचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ते ‘ध’वरून निघालं तर माझं मत बरंच पुढे सरकेल. नाही निघालं, तर घरातला दुसरा ‘रा’ शोधावा लागेल. फौजी घरांत तीन-तीन पिढ्या नोकरीत असायच्या, आजोबांच्या चुलत भावाची वस्तू पणजोबांच्या नावावर जमा झालेली असते. त्रिकोणाबद्दल एकच सांगते: लिहितावाचता न येणारे शिपाई स्वतःची अशी साधी खूण ठरवत आणि नंबर-अक्षरं एखाद्या शिकलेल्या सोबत्याकडून ओढून घेत. दोन हत्यारं, दोन हात निघाले तर मी आधी हीच शक्यता तपासेन.

आता पुढची बाजू, कारण कौटुंबिक गोष्ट इथे पारखता येते. बिगूल हे लाइट इन्फंट्रीचं, म्हणजे हलक्या पायदळाचं चिन्ह. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींपैकी १०३, १०५ आणि ११० नंबरच्या पलटणी मराठा लाइट इन्फंट्री होत्या. ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या मराठा पलटणी, त्यांच्या नावात लाइट इन्फंट्री नव्हतं. १९२२ च्या पुनर्रचनेत या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. म्हणजे कागदावर पणजोबांची पलटण ११७ निघाली, तर बिगुलाचा बिल्ला त्यांच्या मृत्यूनंतरचा, पर्यायाने दुसऱ्या कोणाचा असण्याचीच शक्यता जास्त. १०३ किंवा ११० निघाली तर गोष्ट जुळते. बसरा म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकमधली मोहीम. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या तिथल्याच कुत गावाच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी अडकल्या होत्या. गावाकडे ‘बसऱ्याला गेले’ हे त्या सगळ्या मुलखासाठी म्हणत, त्यामुळे मृत्यू बसरा शहरातच झाला असं धरू नका. आणि बिल्ल्यावर कुठेही अशोकस्तंभाचे सिंह असतील, तर तो १९५० नंतरचा आणि प्रश्न तिथेच मिटला. फोटोत बिगुलाच्या वरचा भाग झिजलेला दिसतो, तो भिंगातून नीट बघा.

ओतीव बिल्ला दिसला की नकली म्हणायची इंटरनेटवर घाई असते. विलायती कारखान्यांचे बिल्ले बहुतांशी साच्यात दाबलेले असत आणि त्यांच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा खोलगटपणा दिसे, हे खरं. पण हिंदुस्थानी पलटणींसाठी इथल्या कारागिरांनीही बिल्ले ओतून दिलेत. त्यामुळे तुमच्या बिल्ल्याची पाठ सपाट आणि थोडी खडबडीत आहे, एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नका.

आता ताडून बघायच्या वस्तू. पेटी पुन्हा उपसा आणि शेजारच्या भावकीतही विचारा. पहिली वस्तू पदकं. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठशांनी ठोकलेली असते. १९१४-१५ च्या स्टार या पदकावर ते पाठीमागे असतं. वॉर मेडल चांदीचं, त्यामुळे ते मोडीत गेल्याचं मी अनेक घरांत ऐकलंय. पण व्हिक्टरी मेडल कांशाचं, ते बऱ्याचदा उरतं. त्याच्या कडेवर ४४८ किंवा ४४८ ने संपणारा नंबर निघाला, तर बिल्ल्यावरच्या ओरखड्यांना नाव मिळालं. दुसरी वस्तू म्हणजे कांशाची गोल तबकडी, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, तिच्यावर उभी स्त्री आणि सिंह. लढाईत मेलेल्यांच्या घरी ती पाठवली जाई आणि तिच्यावर मृताचं नाव उठावात ओतलेलं असे. हुद्दा आणि नंबर नसतो, पण पणजोबा त्या लढाईत गेले याला याहून चांगला घरगुती पुरावा नाही. लोक तिला ताटली समजतात. मी एका घरात ती पाण्याच्या माठावर झाकण म्हणून पाहिली आहे, तेव्हा स्वयंपाकघरातही शोधा.

कागदांत पेन्शनचं पुस्तक किंवा विधवेला मिळालेल्या पेन्शनची नोंद शोधा. नाहीच काही मिळालं, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी मोफत शोधता येते. बऱ्याच हिंदुस्थानी शिपायांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही आहे. शोधताना इंग्रजी स्पेलिंग चित्रविचित्र धरा, पवारांचं ‘पोवार’ झालेलं असतं. गावाच्या नावापेक्षा तालुका टाका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून देवगड-कणकवलीच्या माणसालाही रत्नागिरीतच शोधायचं आणि रायगडच्या माणसाला कुलाबा जिल्ह्यात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. तिथे पत्र पाठवायचं तर नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव आणि पलटण यांतलं जेवढं हाताशी असेल तेवढं एकत्र द्या. नुसता बिल्ल्याचा फोटो पाठवून काही हाती लागत नाही. पत्र नीट लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा.

लढाईत गेलेल्या माणसाचा बिल्ला घरी कसा आला, ही तुमच्या काकांची शंका रास्त आहे. रजेवर आला असताना जुना बिल्ला घरी ठेवला असेल, सोबत्याने आणून दिला असेल, किंवा तो त्यांचा नसेलच. यांतलं कोणतं, ते वरच्या शोधाशिवाय ठरत नाही. बिल्ला दुसऱ्या कोणाचा निघाला तरी पणजोबांची हकीकत खोटी ठरत नाही, हे काकांना जरूर सांगा.

किमतीबद्दल. ज्याला फक्त कोरा करकरीत बिल्ला मांडून ठेवायचाय, तो ओरखड्यांना कमी पैसे देईल, त्या अर्थी विक्रेता खोटं बोललेला नाही. पण नंबर आणि अक्षरं एखाद्या पदकाशी जुळली, तर तोच बिल्ला जाणकाराला जास्त मोलाचा वाटतो. बफ एकदा मारला की दोन्ही रस्ते बंद, उरते झिजलेली चकचकीत पितळी पट्टी. आणि मला पैशांपेक्षा मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या हिंदुस्थानी शिपायांची नावं दगडात कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा कोरलाय. त्यांतल्या एखाद्याने स्वतःच्या हाताने कोरलेली दोन अक्षरं तुमच्या घरात असण्याची शक्यता आहे. ती शक्यता बारीक असली, तरी यंत्राखाली घालायची नाही.

शेवटी जपणूक. चिंचेचा अंश धातूत राहिला तर तो खात राहतो, म्हणून घासलेली बाजू डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेल्या मऊ कापसाने टिपून घ्या. रेघा टाळा, घासू नका. सुती कापडाने टिपून पंख्याखाली पूर्ण वाळवा. चकाकी आणायची पावडर, राख, आमसूल, लिंबू, काहीही नको. काळा-तपकिरी थर धातूचं रक्षणच करतो. काळजी करायची ती फिकट हिरव्या पिठूळ डागाची. तो पुसला तरी काही दिवसांत पुन्हा उगवत असेल, तर समुद्राच्या हवेतलं मीठ आत काम करतंय. असा बिल्ला इतर वस्तूंपासून वेगळा ठेवा आणि धातू जपणाऱ्या माणसाला दाखवा. एरवी तो आम्लविरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पावसाळ्यात पुड्या बदलत राहा किंवा गरम करून वाळवून घ्या. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून निघणाऱ्या द्रव्याने पितळ हिरवं पडतं.

चार दिशांचे चार फोटो, त्रिकोण आणि आकड्यांच्या रेघांची जाडी, बिगुलाच्या वरच्या भागाचा जवळून घेतलेला फोटो आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव एवढं इथे टाका. पदक सापडलं तर त्याच्या कडेवरचं सगळं, न कळणाऱ्या अक्षरांसकट, जसं दिसतं तसं उतरवा. ते आलं की ‘४४८’ पूर्ण नंबर की शेपूट, यावर मी माझं मत देते.